तपास करणारा माणूस

1928 साली एस. एस. व्हॅन डाइन या टोपणनावाने हेरकथा लिहिणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाने आपल्या व्यवसायबंधूंच्या मार्गदर्शनार्थ वीस कलमांची एक नियमावली प्रसिद्ध केली. हेरकथेत प्रेमप्रकरणास थारा असू नये, असे त्यातील एक कलम होते. आणि दुसऱ्या एका कलमान्वये लांबलचक वर्णने, वातावरणनिर्मितीचा सोस आणि स्वभावचित्रणातील बारकावे या सर्वांस सरसहा मज्जाव करण्यात आला होता, कारण गुन्हा कोणी केला आणि कसा केला या एका प्रश्नाच्या निकालाआड येणारी प्रत्येक गोष्ट या गृहस्थांच्या मते अप्रस्तुत होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकाने दहा आज्ञा सांगितल्या. त्यांत एकापेक्षा अधिक गुप्त खोल्या वा भुयारे वापरण्याची मनाई होती आणि गुप्तहेराच्या साहाय्यकाची बुद्धी सामान्य वाचकाच्या बुद्धीहून किंचित कमी असावी असाही दंडक होता. या दोघांच्याही लेखी हेरकथा म्हणजे लेखक व वाचक यांच्यात मांडलेला एक पट होता, आणि पटावरच्या सोंगटीच्या मनात काय चालले आहे याची चौकशी कोणी करीत नसते.

काळाने मात्र या सनदेची फारशी बूज राखलेली नाही. व्हॅन डाइनचा फायलो व्हान्स, ज्याच्या कादंबऱ्या त्या काळी अमेरिकेत हातोहात खपत होत्या, तो आज वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणाच्या फारसा स्मरणात उरलेला नाही. आणि ज्यांनी ती कलमे खुशाल धाब्यावर बसवली, ज्यांनी आपल्या गुप्तहेराला बायको दिली, पोटदुखी दिली, म्हातारपण दिले, त्यांची पुस्तके मात्र नवनव्या आवृत्त्यांतून आणि परभाषांतून आजही वाचली जात आहेत. असे का व्हावे, याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

कोड्याचे आयुष्य एका उत्तरापुरते असते. खुनी कोण हे एकदा कळले की त्या पुस्तकातील कारस्थानाचा भाग वाचकाच्या दृष्टीने निकालात निघतो, आणि तरीही असे कितीतरी वाचक आपल्या परिचयाचे असतात की जे एखादी हेरकथा खुनी ठाऊक असूनही तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हाती धरतात. एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने 1944-45 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातून या साऱ्या वाङ्मयाची यथेच्छ संभावना केली होती, आणि रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोण करतो, असा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच विचारला होता. प्रश्न रास्त होता. तथापि याच विल्सनला शेरलॉक होम्सपाशी आल्यावर आपला सूर बदलावा लागला, आणि त्या कथा साध्या पायरीवरच्या का होईनात पण वाङ्मय आहेत, असा कबुलीजबाब द्यावा लागला. होम्सच्या कथांतील कोडी काही नंतरच्या लेखकांच्या कोड्यांहून अधिक बिनतोड नाहीत, किंबहुना काही कथांत तर तर्काची भोके उघडीच दिसतात. तरीदेखील बेकर स्ट्रीटवरची ती खोली, पर्शियन सपातीत ठेवलेली तंबाखू, व्हायोलिन, आणि सूर्यमालेविषयीचे ते बेफिकीर अज्ञान वाचकाला पुनःपुन्हा तेथे घेऊन जाते. 1893 मध्ये कॉनन डॉईलने होम्सला धबधब्यात लोटून दिले, आणि दहा वर्षांनी त्याला जिवंत करून परत आणणे डॉईलला भाग पडले. वाचकांनी परत मागितला तो माणूस. कोडी त्यांना इतरत्र हवी तितकी मिळत होती.

पण येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा, कारण स्वभावप्रधान हेरकथेच्या नावाखाली आज जे काही खपवले जाते त्यातील बरेचसे या भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे खपते. गुप्तहेराला चिरूट देणे, विक्षिप्त टोपी देणे, एखादा छंद किंवा व्यसन देणे म्हणजे त्याला स्वभाव देणे नव्हे. तो अलंकार झाला. स्वभाव तो, की ज्याच्यावाचून तपासच पुरा झाला नसता. एका गुप्तहेराला काढून त्याच्या जागी दुसरा कोणीही चतुर इसम बसवला आणि तरीही तेच पुरावे गोळा होऊन तोच आरोपी त्याच पानावर पकडला गेला, तर पहिल्याचा स्वभाव शोभेपुरता होता असे बेलाशक समजावे. ही कसोटी लावून पाहिली म्हणजे मोठमोठ्या नावांची उलटसुलट वाटणी होते. हर्क्यूल पॉयरोच्या मिशा अलंकारात जमा होतात, आणि 1975 साली ख्रिस्तीबाईंनी त्याचा शेवट केला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर त्याचा मृत्युलेख छापला असला, तरी त्याच्या बहुसंख्य कादंबऱ्यांतील तर्क दुसऱ्या कोणी केला असता तरी चालले असते. उलट त्याच बाईंची मिस मार्पल, जी 1927 पासून एका खेड्यात लोकरीचे विणकाम करीत बसलेली आहे, ती या कसोटीस उतरते. कारण खुन्याचा चेहरा पाहून तिला आपल्या गावातला कोणी दुकानदार, कोणी मोलकरीण, कोणी लबाड पुतण्या आठवतो, आणि ही आठवण हीच तिची तपासपद्धती असते. चेस्टरटनचा फादर ब्राउन तर याच्याही पुढे गेलेला. आपण खुनी कसे ओळखतो याचा खुलासा करताना तो सांगतो, की ते सर्व खून मनातल्या मनात आपण स्वतःच केलेले असतात. वर्षानुवर्षे इतरांच्या पापांची कबुली ऐकत आलेल्या पाद्र्याखेरीज दुसऱ्या कोणास हे सुचणे कठीण होते.

डोरथी सेयर्स या विदुषीचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. 1928 मध्ये आपण संपादिलेल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनीही हेरकथेतील प्रेमप्रकरणाविषयी नापसंती व्यक्त केली होती, आणि त्यांचा लॉर्ड पीटर विम्झी हा आरंभी एक डोळ्यावर काच लावून फिरणारा, कोट्या करणारा उमराव इतकाच होता. परंतु पुढे त्यांनी त्याला एका लेखिकेच्या प्रेमात पाडले, आणि ती लेखिका स्वतः खुनाच्या आरोपावरून पिंजऱ्यात उभी होती. तिचा जीव वाचवणाऱ्या माणसाशी तिने कृतज्ञतेपोटी लग्न करावे काय, हा प्रश्न त्यांनी पाच वर्षे आणि अनेक पुस्तके चालवला. 1935 च्या ‘गॉडी नाइट’ या कादंबरीत तर खूनच नाही! ऑक्सफर्डच्या एका स्त्रियांच्या महाविद्यालयात निनावी पत्रे येऊ लागतात, आणि तपास चालतो तो बुद्धीशी इमान राखावे की मनुष्यसंबंधांशी, या पेचाचा. यानंतरच्या कादंबरीत विम्झीने पकडलेला खुनी ज्या पहाटे फासावर जातो, त्या पहाटे हा उमराव आपल्या नवपरिणीत पत्नीच्या कुशीत लहान मुलासारखा रडतो. निकाल लागल्यावर पडदा पाडून मोकळे होण्याची जी सोय हेरकथाकारांनी आजवर उपभोगली होती, ती बाईंनी त्या एका प्रसंगाने काढून घेतली. या कादंबऱ्या कित्येकदा रेंगाळतात, त्यांत विद्वत्तेचे प्रदर्शनही आहे आणि विम्झीविषयी लेखिकेला वाटणारे ममत्व मर्यादेबाहेर जाते, हे मी नाकारीत नाही. पण तपास करणाऱ्याला तपासाची किंमत मोजावी लागते, हे इतक्या स्पष्टपणे त्यांच्यापूर्वी क्वचितच कोणी लिहिले असेल.

या कलेचा खरा गुरू मात्र फ्रेंच भाषेत लिहिणारा एक बेल्जियन आहे. जॉर्ज सिमेनॉ याने 1931 पासून 1972 पर्यंत पंचाहत्तर कादंबऱ्या आणि अठ्ठावीस कथा ज्याच्यावर रचल्या, तो पॅरिसच्या पोलीस खात्यातील अंमलदार मेग्रे दिसायला अगदी सामान्य आहे: धिप्पाड, पाइप ओढणारा, बिअर पिणारा, दुपारी जेवायला शक्य तर घरी जाणारा सरकारी नोकर. त्याचा बाप एका सरदाराच्या जहागिरीवर कारभारी होता. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून तो पोलिसात शिरला. त्याला एक मुलगी झाली होती, ती जगली नाही. खात्याने इमारतीत वाफेची नळयंत्रणा बसवली तरी त्याने आपल्या खोलीतली जुनी कोळशाची शेगडी हलवू दिली नाही. तपासाच्या कामी त्याला न्यायाधीश कोमेलिओ यांच्या हुकुमांची, वरिष्ठांच्या नाराजीची आणि वर्तमानपत्रांच्या तगाद्याची तसदी सोसावी लागते, म्हणजे ज्या कचेरीच्या जगात आपण सर्व राहतो त्याच जगात तो राहतो. तर्कशास्त्राचे चमत्कार तो करीत नाही. मयताच्या खोलीत जाऊन बसतो, त्या गल्लीतल्या खानावळीत तेच जेवण मागवतो, द्वारपालिणीशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि हळूहळू मेलेल्या माणसाचे आयुष्य अंगात भिनू देतो. मनुष्याच्या बिघडलेल्या दैवाची डागडुजी करणारा, अर्धा वैद्य आणि अर्धा धर्मोपदेशक असा कोणी असता तर बरे, असे त्याला लहानपणी वाटत असे. तसा धंदा जगात नसल्यामुळे तो पोलीस झाला.

1954 च्या एका कादंबरीचे उदाहरण घेऊ. मार्च महिन्यातील पावसाळी रात्री पॅरिसच्या एका लहानशा चौकात विशीतल्या मुलीचे प्रेत सापडते. अंगावर संध्याकाळच्या समारंभाचा सॅटिनचा पोशाख, आणि तो तर एका दुकानातून भाड्याने आणलेला. नाव नाही, गाव नाही. ज्या भागात प्रेत सापडले तिथला दुय्यम अधिकारी लोनियाँ हा खात्यातला कायमचा दुर्दैवी माणूस. घरी बायको आजारी, बढती हुकलेली, आणि सारे जग आपल्याविरुद्ध कट करीत आहे अशी पक्की समजूत. हा लोनियाँ अहोरात्र पायपीट करतो, एकही धागा सोडत नाही, त्याच्या कागदपत्रांत बोट ठेवायला जागा नाही. मेग्रे मात्र त्या मुलीच्या मागे तिच्या बालपणापर्यंत जातो: नीस शहरातली ती जागा, जुगाराच्या नादाने अर्धवट झालेली आई, मुलीचे बुजरे मन, कोणाला जीव लावता न येण्याची तिची अडचण, आणि जिच्यासाठी कोणाचेही दार पुरते उघडत नाही अशा मुलीचे त्या अफाट शहरातले एकटेपण. पुढे एक साक्षीदार जबानी देतो. जबानी सुसंगत आहे, कोणत्याही पंचनाम्याशी तिचा विरोध येत नाही. लोनियाँने ती खुशाल दप्तरी दाखल केली असती. मेग्रेला ती खोटी आहे हे कळते, कारण त्या मुलीला आता तो ओळखतो आणि ती तशी वागली नसती हे त्याला माहीत आहे. पोलिसांच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात अशा आईच्या हाताखाली वाढलेल्या पोरीच्या जागी स्वतःस ठेवण्याचे शिक्षण मिळत नाही, असा विचार शेवटी त्याच्या मनात येतो, आणि त्यात लोनियाँविषयी कणवही आहे. खुनी कोण, हे मी सांगितले नाही. सांगितले असते तरी कादंबरीचे फारसे नुकसान झाले नसते. जिवंतपणी जिची कोणी दखल घेतली नाही, तिला मेल्यावर एक माणूस नीट ओळखतो, हे त्या कादंबरीतील खरे कथानक आहे.

सिमेनॉ हे सारे दीडपावणेदोनशे पानांत उरकतो. कादंबरी लिहिण्यापूर्वी तो एका लिफाफ्यावर पात्रांची नावे, वये, पत्ते लिहून काढी, आणि मग रोज एक प्रकरण या हिशेबाने आठ-दहा दिवसांत पुस्तक हातावेगळे करी. मेग्रेच्या जन्मापूर्वी त्याने टोपणनावांनी दोनशेच्या आसपास बाजारू कादंबऱ्या लिहून पोट भरले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण मराठी रहस्यकथेचा विचार करताना तिचे प्रयोजन पडणार आहे.

आपल्या देशात या वाटेने सर्वांत दूर गेला तो बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी. 1932 मध्ये आरंभलेल्या या कथांच्या पहिल्या काळात, अजित हा कथा सांगणारा मित्र आणि ब्योमकेश हा तर्कपटु तरुण, ही जोडी बेकर स्ट्रीटवरून कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर आणलेली आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल. तरीही फार लवकर, एका खटल्याच्या ओघात, हा गुप्तहेर सत्यवतीच्या प्रेमात पडतो आणि चक्क संसारी होतो. होम्सला जी गोष्ट कधी सुचली नसती ती बंगाली मध्यमवर्गास अगदी स्वाभाविक वाटली. पुढे 1936 नंतर शरदिंदुबाबूंनी ब्योमकेशला बाजूला ठेवले; मधल्या काळात ते चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस आले, आणि सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर ‘चित्रचोर’ या कथेत त्यांनी त्याला परत आणले. हे पुनरागमन कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. होम्स परत येतो तो वेषांतर करून, वॉटसनला मूर्च्छा आणून. ब्योमकेश परत येतो तो दुखण्यातून उठलेला, हवापालटासाठी परगावी आलेला, खुर्चीत बसलेला रोगी म्हणून, आणि कथेचा आरंभ होतो तो सत्यवती डाळिंबाच्या रसाचा पेला घेऊन त्याच्या खुर्चीपाशी उभी राहते तेथून. त्या एका पेल्याने वाचकाला कळते की पंधरा वर्षांत हा माणूस वाढलेला आहे, त्याच्यावर हुकूमत चालवणारे कोणीतरी घरात आहे, आणि येथून पुढे जो तपास होईल तो घरादाराच्या, पथ्यपाण्याच्या, रुसव्याफुगव्याच्या जगात होईल.

आणि तसेच झाले. शरदिंदुबाबू 1952 मध्ये पुण्यास स्थायिक झाले, आणि ब्योमकेशच्या उत्तरकालीन, अधिक परिणत कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या, ही गोष्ट पुणेकर वाङ्मयसेवकांच्या फारशी गावी नाही याचा मला नेहमी अचंबा वाटतो. 1953 च्या ‘चिडियाखाना’ या दीर्घ कथेत एका निवृत्त न्यायाधीशाने शहराबाहेर वसवलेली वसाहत आहे. तेथे फुले होतात, भाज्या होतात, दूधदुभते होते, आणि राहणारी एकूणएक माणसे समाजाने कोणत्या ना कोणत्या कारणास्तव टाकून दिलेली आहेत. खुनाची उकल करायची तर या प्रत्येकाच्या पूर्वायुष्याची दुखरी जागा चाचपावी लागते. ‘शजारुर काँटा’मध्ये तर निम्म्याहून अधिक जागा दुसऱ्यावर मन बसलेल्या एका नवविवाहितेच्या मनोव्यापारांनी व्यापलेली आहे, आणि ब्योमकेश त्या घराच्या उंबऱ्यापाशी अदबीने थांबल्यासारखा वाटतो. एकाहून अधिक कथांत त्याला अपराधी सापडतो, आणि तो त्याला कायद्याच्या हवाली करीत नाही. हा निर्णय ब्योमकेशचा स्वतःचा असतो, आणि म्हणून तो स्वभाव आहे, अलंकार नव्हे.

यानंतरच्या युरोपीय लेखनाचा झपाट्याने परामर्श घेतला तरी पुरे. स्वीडनमध्ये मॅय शोवाल आणि पेर वालो या जोडीने 1965 ते 1975 या दहा वर्षांत मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. बेकचे पोट दुखते, त्याला सदा सर्दी असते, घरी बायकोशी पटत नाही, आणि पहिल्याच कादंबरीत महिनेच्या महिने तपासात काही म्हणजे काही घडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. त्याच देशातील मँकेलचा वालँडर शेवटी स्मृतिभ्रंशाच्या अंधारात जातो. स्कॉटलंडच्या रँकिनने आपल्या रीबसला पुस्तकागणिक वयाने वाढू दिले आणि 2007 मध्ये साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त केले. सिसिलीच्या कामिल्लेरीचा मोंताल्बानो समुद्राकाठी राहतो, जेवताना कोणी बोललेले त्याला खपत नाही, आणि त्याची अखेरची कादंबरी लेखकाने आधीच लिहून प्रकाशकाकडे ठेवली होती, ती लेखकाच्या मृत्यूनंतर 2020 मध्ये निघाली. यांतील प्रत्येकात काहीतरी अस्सल आहे. परंतु यांच्या यशाने एक नवा साचा तयार झाला, आणि आता जो तो गुप्तहेर घटस्फोटित, मद्यपी, मुलीशी अबोला धरलेला आणि रात्री एकट्याने जुनी गाणी ऐकणारा असा निपजू लागला आहे. व्हॅन डाइनने स्वभावास मज्जाव केला होता; आजचा बाजार त्याची सक्ती करतो. दोन्हींचा परिणाम एकच, कारण सक्तीने पुरवलेले दुःख मिशांइतकेच वरवरचे असते, आणि वर दिलेली कसोटी लावली तर या नव्या दुःखितांपैकी बहुतेकांच्या जागी दुसरा कोणीही दुःखित बसवता येतो.

आता आपल्या घरी वळू. मराठीत रहस्यकथेची परंपरा दांडगी आहे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ असे देशी अवतार देऊन एका पिढीची झोप उडवली. पुढे चंद्रकांत सखाराम चव्हाण ऊर्फ बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर पुस्तके लिहून झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे घरोघरी पोचवली, आणि ज्यांनी एरवी पुस्तक हाती धरले नसते अशा असंख्य माणसांना वाचनाची चटक लावली. हे उपकार लहान नाहीत, आणि विद्वानांनी त्यांचा जितका अनुल्लेख केला तितका क्वचितच दुसऱ्या कोणाचा केला असेल. पण समीक्षकाने उपकाराची परतफेड खोट्या स्तुतीने करू नये. झुंजार कसा दिसतो, कसा लढतो, हे वाचकाला ठाऊक असते. त्याला कशाची भीती वाटते, तो कोणाचे देणे लागतो, मध्यरात्री त्याला कोणती जुनी चूक आठवते, हे ठाऊक नसते, कारण ते लिहिलेलेच नाही. गुरुनाथ नाईकांच्या नायकांविषयीही हेच म्हणता येते. महिन्याकाठी पुस्तक देण्याच्या रगाड्यात स्वभावचित्रणास सवड कोठून मिळणार, अशी सबब या बाबतीत नेहमी पुढे केली जाते. सिमेनॉचा वेग पाहता ती टिकत नाही. वेळ कमी होता हे खरे, पण नजरच त्या बाजूला वळलेली नव्हती.

सुहास शिरवळकरांचे उदाहरण मला याहून अधिक चुटपुट लावते. बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोज इराणी असे एकाहून एक चलाख नायक त्यांनी उभे केले, आणि त्याच लेखणीने ‘दुनियादारी’तल्या दिग्या नि शिरीन यांच्यासारखी माणसे लिहिली, जी पुण्यातल्या कट्ट्यावर आजही कोणाला भेटतील. म्हणजे स्वभाव उभा करण्याची ताकद त्यांच्यापाशी निश्चित होती. पण ती त्यांनी सामाजिक कादंबरीच्या दालनात ठेवली आणि रहस्यकथेच्या दालनाची चावी निराळी बनवली. ज्या दिवशी या दोन दालनांमधली भिंत पडली असती, त्या दिवशी मराठीला तिचा मेग्रे मिळण्याची शक्यता होती. दुसऱ्या बाजूने पाहावे तर ज्या कथाकारांना चाळीतले, वाड्यातले, कचेरीतले मन नखशिखान्त ठाऊक होते, त्यांपैकी बहुतेकांनी खून हा विषय आपल्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारा मानला. त्यामुळे एका दालनात प्रेते होती आणि माणसे नव्हती, दुसऱ्यात माणसे होती आणि कोणी मरत असले तर ते क्षयाने.

अपवाद सापडतो तो बालवाङ्मयात. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, काडीसारखा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा, हा ज्यांनी शाळेत असताना वाचला त्यांना त्या पुस्तकांतली कारस्थाने आज फारशी आठवत नाहीत; पोर मात्र आठवतो, आणि त्याचा आगाऊपणाच त्याला संकटात घालतो नि संकटातून काढतो, म्हणजे कसोटीलाही तो उतरतो. मोठ्यांच्या बाबतीत मात्र आपल्यावर थोडी नामुष्कीची पाळी आली आहे. मुंबई पोलिसांतील मराठी आडनावाचा जो अंमलदार जगभर वाचला गेला, तो इन्स्पेक्टर घोटे, 1964 मध्ये एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रजाने लिहिला, आणि पुढली सुमारे दहा वर्षे त्या लेखकाने मुंबई डोळ्यांनी पाहिलेली नव्हती! त्या कादंबरीत चुका आहेत, घोटेची इंग्रजी बोली कानाला खटकते. तरीही वरिष्ठांना टरकणारा, स्वतःच्या निर्णयाविषयी सदैव साशंक, आणि मंत्रिमहोदयांच्या मेजावरून नाहीशा झालेल्या एका रुपयाचा तपास तितक्याच गांभीर्याने करावा लागणारा हा गरीब माणूस वाचकाच्या मनात घर करतो. 2006 च्या ‘सेक्रेड गेम्स’ या इंग्रजी कादंबरीत विक्रम चंद्र यांनी रंगवलेला हवालदार काटेकर, त्याची खोली, त्याची बायको शालिनी, त्याची मुले, हे पाहिल्यावर तर वाटते की हा मनुष्य पहिल्यांदा मराठीत लिहिला जायला हवा होता. आपल्या सबंध रहस्यवाङ्मयात इतका भरीव पोलीस शिपाई मला आढळलेला नाही.

सामग्रीची तर आपल्याकडे ददात नाही. तालुक्याच्या ठाण्यातला फौजदार घ्या: बदलीच्या भीतीखाली वावरणारा, मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कनवटीला लावून फिरणारा, सरकारी बिऱ्हाडाच्या गळक्या छपराविषयी अर्जविनंत्या करून थकलेला, बायकोच्या माहेरच्या गावातच खुनाच्या तपासासाठी जाण्याची पाळी आलेला. ज्या बांधावरून भाऊबंदकीचा खटला दोन पिढ्या चालला आहे त्या बांधाची मोजणी, खोट्या साक्षीदाराला ठाण्यात घेऊन येणारा पोलीसपाटील, आणि फिर्याद मागे घ्यावी म्हणून विनवणी करायला आलेली मयताची आई, यांना ओळखण्यासाठी रासायनिक पृथक्करण लागत नाही, त्या मातीत वाढलेला माणूस लागतो. त्याचे वाढणेच येथे तपासाचे साधन होईल.

माझी एक सूचना आहे, आणि ती दिवाळी अंकांच्या संपादकांस उद्देशून आहे. रहस्यकथा ते दरसाल छापतात, काही अंक तर तिच्याच बळावर उभे आहेत. पण प्रत्येक वर्षी नवा लेखक, नवा बंगला, नवे प्रेत, आणि अंक रद्दीत गेला की सारे विस्मृतीत जमा. त्याऐवजी एखाद्या समर्थ लेखकाशी त्यांनी दहा वर्षांचा करार करावा, दर दिवाळीस तोच फौजदार त्याच्याकडून मागून घ्यावा, आणि अट एवढीच घालावी की तो प्रत्येक वर्षी एका वर्षाने मोठा झालेला असला पाहिजे.